झाड वेगाने वाढले म्हणजे जंगल सुस्थितीत आहे, असे म्हणता येईल का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढत आहे, तो तर वनस्पतींचे अन्न आहे, थंड प्रदेशांत वाढीचा हंगामही लांबत चालला आहे, मग जंगले जोमाने वाढायला हवीत, तरीही ठिकठिकाणी झाडे उभी वाळत असल्याचे का ऐकू येते? त्याला जोडून आपण लिहिले आहे की, तोडलेल्या एका जुन्या झाडाच्या चकतीवरची वलये आपण मोजली, तेव्हा सालीकडची, म्हणजे अलीकडच्या वर्षांची वलये अरुंद निघाली. हा हवामान बदलाचा पुरावा मानावा का? आणि शेवटी, यापुढे लागवड करताना काय पाहावे?

वृक्षवलयांचा अभ्यास आणि कायम आखून ठेवलेल्या क्षेत्रांतील झाडांची पुन्हा पुन्हा मोजणी हेच माझे काम असल्यामुळे हा प्रश्न मला निरनिराळ्या रूपांत नेहमी विचारला जातो. माझ्या मते त्यात तीन प्रश्न एकत्र मिसळले आहेत. पान अधिक साखर तयार करते का, हा पहिला. त्या साखरेचे खोडात लाकूड होते का, हा दुसरा. आणि ते झाड, व त्याच्यासह ते जंगल, टिकून राहते का, हा तिसरा. पहिल्याचे उत्तर ‘हो’ असले तरी दुसऱ्याचे ‘नाही’ असू शकते, आणि पहिल्या दोन्हींचे उत्तर ‘हो’ असूनही जंगल खालावत जाऊ शकते. कोणते झाड, त्याचे वय काय, माती कशी आणि पाणी किती, यावर पुष्कळ अवलंबून असल्याने सर्व जंगलांना लागू पडेल असे एकच उत्तर मी देणार नाही. पण विचार कसा करायचा, हे नक्की सांगता येईल.

कार्बन डायऑक्साइडपासून सुरुवात करू. औद्योगिकीकरणापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. हवाई बेटांवरील मौना लोआ येथे १९५८ मध्ये सलग मोजणी सुरू झाली तेव्हा ते सुमारे ३१५ होते, आणि आता ४२० च्या पुढे गेले आहेत. हा वायू वाढला की प्रकाशसंश्लेषण वाढते, याविषयी मतभेद नाहीत. त्याखेरीज पानांवरची सूक्ष्म छिद्रे, म्हणजे पर्णरंध्रे, कमी उघडी ठेवूनही झाडाला पुरेसा कार्बन मिळतो आणि तेवढे पाणी वाचते. हा फायदा खरा आहे आणि तो नाकारण्याचे काहीच कारण नाही.

तो किती टिकतो, हे पाहण्यासाठी खुल्या जंगलात झाडांभोवती नळ्यांचे कडे उभारून वर्षानुवर्षे जादा कार्बन डायऑक्साइड सोडण्याचे प्रयोग झाले. अमेरिकेतील ओक रिज येथे स्वीटगम या झाडांच्या रोपवनात सुरुवातीच्या वर्षांत उत्पादकता सुमारे २४ टक्क्यांनी अधिक होती. २००८ पर्यंत हा फरक ९ टक्क्यांवर आला, कारण मातीतील उपलब्ध नायट्रोजन अपुरा पडू लागला. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ पूर्ण वाढलेल्या निलगिरीच्या जंगलात असाच प्रयोग झाला. तिथली माती स्फुरदाच्या बाबतीत अतिशय गरीब आहे. झाडांनी सुमारे १२ टक्के अधिक कार्बन घेतला, पण खोडे जाड झाली नाहीत. घेतलेला कार्बन बहुतांशी मातीतल्या जीवांच्या श्वसनातून पुन्हा हवेत गेला. उलट, अमेरिकेतीलच नॉर्थ कॅरोलिनामधल्या तरुण पाइन वृक्षांत वाढ दीर्घकाळ अधिक राहिली, आणि तिथेही ज्या जागी नायट्रोजन जास्त उपलब्ध होते तिथे ती अधिक ठळक होती. त्यामुळे ‘जादा कार्बन डायऑक्साइडने झाडे वाढतात’ हे विधान तरुण, अजून विस्तारत असलेल्या आणि सकस मातीतल्या झाडांसाठी बरेचसे खरे आहे. जुन्या, दाटलेल्या आणि कसहीन मातीवरच्या जंगलाविषयी ते तसेच उचलून लावता येत नाही.

आता पाण्याकडे वळतो. हा भाग मी थोडा सविस्तर मांडते, कारण बहुतेक ठिकाणी जंगलाचे भवितव्य इथेच ठरते. तापमान एका अंशाने वाढले की हवेची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. तेवढे बाष्प प्रत्यक्षात हवेत आले नाही, तर ती हवा मातीतून आणि पानांतून अधिक जोराने पाणी ओढते. म्हणजे पाऊस मुळीच कमी झालेला नसला तरी केवळ उष्णतेमुळे झाडाची पाण्याची गरज वाढते. पर्जन्यमानाचे आकडे पाहून ‘इथे दुष्काळ नव्हता’ असा निष्कर्ष काढला जातो तेव्हा नेमकी हीच गोष्ट सुटते, आणि म्हणून मी पावसाच्या नोंदीशेजारी तापमानाची आणि आर्द्रतेची नोंद असल्याशिवाय मत देत नाही.

अशा हवेत झाडापुढे दोनच मार्ग उरतात. पर्णरंध्रे मिटून घेतली तर पाणी वाचते, पण कार्बन आत येणे थांबते आणि साठवलेल्या अन्नावर दिवस काढावे लागतात. ती उघडी ठेवली तर मुळांपासून शेंड्यापर्यंत जलवाहिन्यांत ताणून धरलेला पाण्याचा अखंड स्तंभ तुटण्याचा धोका निर्माण होतो. तो तुटला की वाहिनीत हवेचा बुडबुडा अडकतो आणि ती वाहिनी निकामी होते. अशा पुरेशा वाहिन्या बंद पडल्या की वरचा भाग वाळतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात जगभरातील ८१ ठिकाणच्या २२६ प्रजातींची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा सुमारे ७० टक्के प्रजाती या धोक्याच्या मर्यादेच्या अगदी जवळ जगत असल्याचे आढळले. त्यात कोरड्या प्रदेशातील झाडे होती तशीच भरपूर पावसाच्या जंगलातील झाडेही होती. प्रत्येक झाड आपल्या ठिकाणच्या नेहमीच्या पाण्याचा पुरेपूर वापर करेल अशा बेताने घडलेले असते. त्यामुळे ओल्या जंगलाला कोरडेपणाची झळ बसणार नाही, हा समज टिकत नाही.

खोडाच्या वाढीचे गणित याहूनही नाजूक असते. सालीच्या आत जो पातळ थर नवे लाकूड तयार करतो, त्याला वनस्पतिशास्त्रात ऊतककर म्हणतात. त्यातील नव्या पेशी फुगून मोठ्या व्हायच्या तर त्यांत पाण्याचा पुरेसा दाब असावा लागतो, आणि कोरडेपणा वाढू लागला की प्रकाशसंश्लेषण थांबण्याच्या बरेच आधी हे फुगणे थांबते. खोडांभोवती बसवलेल्या वाढमापक पट्ट्यांवर हे स्वच्छ दिसते. एरवी खोड दिवसा किंचित आकसते, रात्री पुन्हा भरते, आणि वाढ मुख्यतः रात्री नोंदवली जाते. उष्ण, कोरड्या आठवड्यांत मात्र रात्रीचे ते भरणे अपुरे राहते आणि वाढ शून्यावर येते. त्या वेळी पाने मात्र हिरवीगार असतात. म्हणून हिरवेपणा पाहून, मग तो डोळ्यांनी पाहिलेला असो वा उपग्रहाने टिपलेला असो, खोडाच्या वाढीविषयी अनुमान काढण्यास मी तयार नसते. शिवाय कोरडे वर्ष सरले की झाड लगेच पूर्ववत होतेच असे नाही. तेराशेहून अधिक ठिकाणच्या वलयांच्या २०१५ मधील विश्लेषणात तीव्र दुष्काळानंतर वाढ मंदावलेली राहण्याचा काळ एक ते चार वर्षांचा दिसला. दोन दुष्काळांमधले अंतर याहून कमी झाले, तर झाड सावरण्यापूर्वीच पुढचा आघात येतो.

लांबलेल्या हंगामाविषयी आपण जे म्हटले आहे ते थंड प्रदेशांपुरते योग्य आहे. जिथे वाढीला थंडीच आडवी येत होती, तिथे, म्हणजे उंच पर्वतांवर आणि उत्तरेकडील ओलसर भागांत, उबेमुळे वाढ सुधारलेली दिसते. पण लवकर फुटलेली पालवी लवकर पाणी वापरू लागते, आणि भर उन्हाळ्यापर्यंत मातीतील साठा संपतो. त्यातच पालवी फुटल्यावर एखादी गोठवणारी रात्र आली तर ती सगळी पालवी जळते. अमेरिकेच्या पूर्व भागात एप्रिल २००७ मध्ये हेच घडले होते. उत्तरेकडील काही ठिकाणी तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तापमान वाढत गेले तरी वलयांची वाढ त्याच्या मागे गेली नाही, आणि जुन्या काळाचे तापमान वलयांवरून ठरवणाऱ्या आम्हा अभ्यासकांना या विसंगतीची गंभीर दखल घ्यावी लागली.

अलास्कातील पिवळ्या सीडारचे उदाहरण मला यात सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण तिथे उबेमुळे झाडे गोठून मेली. या झाडाची बारीक मुळे जमिनीत फार वरच्या थरात असतात आणि हिवाळाभर साचणारा बर्फ त्यांच्यावर पांघरुणासारखा पसरलेला असे. हिवाळे उबदार होऊन तो बर्फ पातळ झाला, तेव्हा वसंताच्या तोंडावर येणाऱ्या थंडीच्या लाटा थेट मुळांपर्यंत पोहोचू लागल्या. सरासरी तापमान पाहणाऱ्याला इथे झाडांचे बरेच झाले असे वाटले असते.

इथवर सांगितलेले एकत्र पाहिले तर असे दिसते की, वाढ ही बऱ्याच बऱ्यावाईट वर्षांच्या बेरजेतून घडते, पण मृत्यू एखाद-दुसऱ्या टोकाच्या वर्षातच ठरतो. हवामान बदलाने सरासरी सरकते, आणि त्याबरोबर पूर्वी क्वचित येणारी टोकाची वर्षे वारंवार येऊ लागतात. जंगलाला खरी इजा या दुसऱ्या गोष्टीने होते.

टोकाच्या वर्षांत झाड एकटे दुष्काळाने मरते असेही नाही. पाणी कमी पडलेल्या सूचिपर्णी झाडाला पुरेशी राळ तयार करता येत नाही, आणि सालीखाली घुसणाऱ्या भुंगेऱ्यांना बाहेर लोटण्याचे त्याचे मुख्य साधन राळ हेच असते. उष्णतेने त्याच भुंगेऱ्यांच्या पिढ्या लवकर पूर्ण होतात आणि सौम्य हिवाळ्यात त्यांच्या अळ्या वाचतात. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पसरलेल्या अशा उद्रेकाची झळ सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर जंगलाला बसली. तिथे एक गोष्ट प्रामाणिकपणे जोडली पाहिजे : वणवे दीर्घकाळ विझवत राहिल्याने एकाच प्रजातीची, एकाच वयोगटाची पाइन झाडे सलग उभी होती, आणि तेही तितकेच मोठे कारण होते. जर्मनीत २०१८ पासूनच्या लागोपाठच्या कोरड्या वर्षांत, २०२१ च्या सुरुवातीपर्यंत, सुमारे ५ लाख हेक्टरवरील झाडे गेली. त्यात स्प्रूसचा वाटा सर्वांत मोठा होता, आणि त्यातला बराचसा स्प्रूस त्याच्या नैसर्गिक थंड, ओल्या प्रदेशाबाहेर लावलेला होता. अशा प्रत्येक घटनेत हवामानाचा वाटा किती आणि पूर्वीच्या व्यवस्थापनाचा किती, हे वेगळे करूनच बोलावे, असा माझा आग्रह असतो. सगळे एकाच कारणावर ढकलले तर दुरुस्त करता येण्याजोग्या गोष्टीही दुरुस्त होत नाहीत.

कोणती झाडे मरतात, हेही पाहावे लागते. उंच झाडांना पाणी अधिक वर खेचावे लागते आणि त्यांचे शेंडे सर्वांत जास्त ऊन-वारा सोसतात, त्यामुळे तीव्र दुष्काळात मोठ्या झाडांचे नुकसान तुलनेने अधिक होते. जगभरातील मोजणी-क्षेत्रांच्या एका अभ्यासानुसार जमिनीवरील एकूण वृक्षभारापैकी जवळपास निम्मा भार सर्वांत मोठ्या एक टक्का झाडांत असतो. अशी झाडे गेल्यावर त्यांच्या जागी हजारो रोपे जोमाने वाढू लागली, तरी गेलेला कार्बन पुन्हा साठायला शतके लागतात. कॅलिफोर्नियात २०२० आणि २०२१ च्या वणव्यांत महाकाय सिक्वोयांपैकी मोठ्या झाडांतील अंदाजे १३ ते १९ टक्के नष्ट झाली. हजार-दोन हजार वर्षे अनेक वणवे सोसलेली ही झाडे होती, आणि हे नुकसान कोणत्याही लागवडीने आपल्या हयातीत भरून निघणार नाही.

वेगाने वाढण्याचीही किंमत असते. २०२० मध्ये ८२ प्रजातींच्या दोन लाखांहून अधिक झाडांच्या वलयनोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा लहानपणी झपाट्याने वाढणारी झाडे सामान्यतः कमी जगतात, असे एकाच प्रजातीच्या आतही दिसून आले. म्हणजे वाढीचा वेग वाढल्याने आज शोषलेला कार्बन काही दशकांनी लवकर होणाऱ्या मृत्यूंमुळे परत जाऊ शकतो. ॲमेझॉनमधील ३२१ क्षेत्रांच्या २०१५ मधील अहवालाने जवळजवळ हेच चित्र प्रत्यक्ष जंगलात दाखवले. तिथे वाढीचा दर आधी चढला आणि मग स्थिरावला. झाडांचा मृत्युदर मात्र वाढतच राहिला, आणि जंगल शोषत असलेला निव्वळ कार्बन १९९० च्या दशकाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशाने घटला. केवळ वाढ मोजणाऱ्याला यातला अर्धाच हिशोब दिसतो. म्हणूनच कायम क्षेत्रांत मेलेल्या झाडांची नोंद जिवंत झाडांइतक्याच काळजीने ठेवावी लागते.

आता आपल्या चकतीविषयी. बाहेरची वलये अरुंद असणे हे बहुतेक झाडांत स्वाभाविकच असते, कारण खोड जाड होत जाते तसे तेवढेच लाकूड अधिक मोठ्या परिघावर पसरते. १० सेंटीमीटर त्रिज्येच्या खोडावर ३ मिलिमीटर रुंदीचे वलय चढले तर त्या वर्षी सुमारे १९ चौरस सेंटीमीटर नवे लाकूड झाले. ३० सेंटीमीटर त्रिज्येच्या खोडावर १ मिलिमीटरचे वलयही जवळजवळ तेवढेच, म्हणजे १९ चौरस सेंटीमीटरच देते. त्यामुळे प्रथम प्रत्येक वलयाची आतली आणि बाहेरची त्रिज्या मोजून त्याचे क्षेत्रफळ काढावे. ते स्थिर असेल किंवा वाढत असेल, तर झाडाची वाढ घटलेली नाही. ते सातत्याने घटत असेल, तरच पुढचा शोध घेण्यात अर्थ आहे.

पुढचा शोध घेताना आधी जवळची कारणे दूर सारावी लागतात. शेजारची झाडे मोठी होऊन सावली पडली का, मुळांजवळची माती तुडवली गेली का, झाड एका बाजूला कललेले होते का? कललेल्या झाडात एका बाजूची वलये रुंद आणि दुसऱ्या बाजूची अरुंद असतात, म्हणून किमान दोन दिशांनी मोजावे. झाड का तोडले गेले, हेही विचारावे. ते रोगट झाले म्हणून तोडले असेल तर त्याची शेवटची वलये त्या परिसरातील निरोगी झाडांविषयी काहीच सांगत नाहीत. त्याखेरीज फार वाईट वर्षात वलय मुळीच न उमटणे किंवा एका वर्षात दोन वलये भासणे असेही घडते, आणि उष्ण प्रदेशांतील अनेक झाडांत वलये वार्षिक नसतातच. सागवान हा त्यातला विश्वासार्ह अपवाद आहे. या अडचणींवर उपाय म्हणजे अनेक झाडांची वलये एकमेकांशी वर्षावर्षाने जुळवून घेणे. ही पद्धत खगोलशास्त्रज्ञ ए. ई. डग्लस यांनी रुजवली आणि १९३७ मध्ये ॲरिझोना विद्यापीठात त्यासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा स्थापन केली. त्यासाठी झाडे तोडावी लागत नाहीत. पोकळ गिरमिटाने खोडातून पेन्सिलीहून बारीक नमुना काढता येतो.

तेव्हा एका चकतीवरून हवामान बदलाविषयी निष्कर्ष काढू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. त्याच जागेवरील वेगवेगळ्या वयांच्या वीस-तीस झाडांत अरुंद वलये त्याच त्या वर्षांची निघाली, ती वर्षे उष्ण आणि कोरडी असल्याचे हवामानाच्या नोंदींत दिसले, आणि अशा वर्षांनंतर सावरायला लागणारा काळ पूर्वीपेक्षा लांबलेला आढळला, तर तो भक्कम पुरावा होईल. तिथेही एक मर्यादा राहते. आपण आज उभी असलेली झाडेच मोजतो. जी आधीच मेली आणि कुजून गेली, त्यांची वलये आपल्या हाती येत नाहीत, आणि त्यामुळे जंगलाचे चित्र प्रत्यक्षाहून बरे दिसण्याचा धोका असतो.

लागवडीविषयी मी थोडक्यात सांगते, कारण ते जागेवर फार अवलंबून आहे. साधारणपणे एक अंश उष्णता वाढली की तेच तापमान मिळण्यासाठी सुमारे १५० मीटर वर चढावे लागते. बियांच्या पावलांनी झाडांना इतक्या वेगाने सरकणे बहुतेक ठिकाणी जमत नाही. म्हणून काही देशांत किंचित उष्ण प्रदेशातील बियाणे मुद्दाम थोड्या थंड जागी लावून पाहिले जाते. ब्रिटिश कोलंबियात २००९ पासून असे चाचणी-प्रयोग चालू आहेत आणि तिथे बियाणे कुठून घ्यायचे याचे नियमही आता हवामानाच्या आधारे ठरवले जातात. पण उष्ण प्रदेशातून आणलेले रोप आजच्या एखाद्या कडक हिवाळ्यात मरूही शकते, त्यामुळे फार दूरचे बियाणे एकदम आणू नये. त्याऐवजी स्थानिक बियाण्यात थोड्या उष्ण भागातील त्याच प्रजातीचे बियाणे मिसळावे, आणि पाण्याची गरज व मुळांची खोली वेगवेगळी असलेल्या अनेक प्रजाती एकत्र लावाव्यात. उभ्या असलेल्या दाट रोपवनात वेळेवर विरळणी केली तर उरलेल्या झाडांना प्रत्येकी अधिक पाणी मिळते आणि दुष्काळातील वाढीची घट कमी होते, हे मी माझ्या मोजणीतही पाहिले आहे. मात्र फार जोराची विरळणी एकदम केली तर जमीन उघडी पडून उलट लवकर कोरडी होते, म्हणून ती टप्प्याटप्प्याने करावी. आपल्या जागेची मातीची खोली, जुन्या झाडांच्या प्रजाती आणि गेल्या काही दशकांच्या उन्हाळ्यातील तापमानाच्या नोंदी कळवल्यास याहून नेमके सांगता येईल.